प्रसंगावधानाचे पोवाडे पुरे

घाटात एसटीचे ब्रेक निकामी होतात. चालक गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवतो. दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेला मथळा येतो: ‘चालकाच्या प्रसंगावधानाने चाळीस प्रवासी बचावले’. मग आगारात सत्कार, शाल, नारळ, फोटो. ब्रेक का निकामी झाले, आदल्या रात्री गाडी कुणी तपासली, चालकाने आधी काही तक्रार लिहून ठेवली होती का, हे त्या बातमीत कधीच सापडत नाही. चालकाचं कौतुक खोटं नसतं. पण ‘प्रसंगावधान’ हा शब्द आपल्याकडे झाकणासारखा वापरला जातो. तो ठेवला की खालचं भांडं कुणी उघडून बघत नाही.

आता हे झाकण सोलापूरच्या विमानतळावर पोचलंय, म्हणून हा लेख.

आम्ही सोलापूरकरांनी विमानासाठी बरीच वर्षं घालवली. त्यातली निम्मी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून भांडण्यात गेली. सहवीजनिर्मितीची ती सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी १५ जून २०२३ रोजी स्फोटकं लावून पाडली. एका बाजूला शहराचा विकास अडला म्हणणारे, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे हजारो ऊस उत्पादक सभासद. त्या काळात शहरातला प्रत्येक माणूस हवाई सुरक्षेचा जाणकार झाला होता. धावपट्टीची दिशा, उतरण्याचा कोन, अडथळ्याची उंची चहाच्या टपरीवर तोंडपाठ होती. त्यानंतर दोन वर्षांनी, ९ जून २०२५ रोजी गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. आणि सुरक्षेची चर्चा चिमणीबरोबरच जमीनदोस्त झाली. जणू विमानाला धोका असतो तो फक्त बाहेरच्या चिमणीचा. विमानाच्या आत काय असतं, ते कोण तपासतं, कधी तपासतं, याबद्दल गावात चकार शब्द नाही.

गोव्याचं विमान सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी, १२ जूनला, अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान पडलं. २६० माणसं गेली. तेव्हा चर्चा सुरू झाली, पण ती पुन्हा एकाच खुर्चीभोवती फिरली: पायलटने काय केलं? महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला आणि अंतिम अहवालाची वाट न बघता वाहिन्यांवर निकाल लागले. मृत कॅप्टनच्या वृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. पायलट आपल्याला एक तर देव लागतो, नाही तर आरोपी. त्याच्या आधी त्या यंत्राला हात लावून गेलेली शेकडो माणसं या नाटकात नसतातच.

म्हणून जो प्रश्न लोक खाजगीत विचारतात तोच सरळ घेऊ. हवेत विमानाचा सांगाडाच मोडला, छत उडालं, शेपटी तुटली, तर पायलट काय करणार? प्रामाणिक उत्तर असं की फार थोडं. आणि जे थोडं करता येतं ते सिनेमातल्यासारखं नसतं.

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ चोवीस हजार फुटांवर होतं. एकाएकी छताचा सुमारे अठरा फूट लांबीचा भाग उडून गेला. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. बाकीचे प्रवासी पट्टे बांधलेले म्हणून उघड्या आभाळाखाली बसून राहिले. आता पायलटपुढे दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात. श्वासासाठी हवा हवी, म्हणून भराभर खाली उतरायला हवं. पण सांगाडा फाटलाय, त्यामुळे वेग वाढला की उरलेलंही फाटत जाणार. म्हणून अशा प्रसंगाची लिखित सूचना सांगते की रचनेबद्दल शंका असेल तर वेग आवरा आणि झटके देऊ नका. कॅप्टन रॉबर्ट शॉर्नस्टायमर यांनी उतरता उतरता विमान अजून काय ऐकतं आणि काय ऐकत नाही हे चाचपून पाहिलं. पंखांच्या झडपा नेहमीइतक्या उघडल्या तर विमान नीट ऐकेना. वेग १७० नॉटच्या खाली आणला तरी ऐकेना. म्हणून झडपा थोड्याच उघडून, नेहमीपेक्षा जास्त वेगात, त्यांनी ते माउई बेटावर उतरवलं. ९५ पैकी ९४ माणसं वाचली.

यात पराक्रम नाही असं कोण म्हणेल? पण तो बघा कसा आहे. मोडलेल्या वस्तूला कमीत कमी हात लावायचा, उरलंय त्याचा अंदाज घ्यायचा आणि तेवढ्यावरच घरी यायचं. फुटकं मडकं डोक्यावरून नेणारी बाई जशी चालते तसं.

आता त्याच अपघाताची दुसरी बाजू. ते विमान १९ वर्षांचं होतं आणि त्याने ८९,६८० उड्डाणं केली होती. बेटाबेटांमधली छोटी छोटी उड्डाणं. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरला जातो आणि उतरल्यावर सोडला जातो, म्हणजे धातूचं ते कवच फुग्यासारखं किंचित फुगतं आणि बसतं. तार वाकवून सरळ करून परत वाकवत राहिलं की ती एका क्षणी तुटते, तसंच हे. त्यात समुद्राची खारी हवा आणि पत्र्यांच्या जोडावरचा सुटलेला चिकटा. रिव्हेटच्या भोकांपाशी भेगा होत्या, पण त्या देखभालीत सापडल्या नाहीत. चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ भेग दिसली होती. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपण कशाला बोला, त्यांना कळत असेलच की! हे वाक्य मराठीत किती ओळखीचं आहे.

म्हणजे त्या दिवशी प्रसंगावधान दाखवायची संधी बऱ्याच जणांना होती. पायलटची पाळी सगळ्यांत शेवटी आली.

जपानची गोष्ट याहून कठोर आहे. २ जून १९७८ रोजी ओसाकाला उतरताना जपान एअरलाइन्सच्या एका जंबो जेटची शेपटी धावपट्टीला घासली. मागच्या बाजूला केबिनचा दाब अडवणारी जी घुमटासारखी भिंत असते, तिची दुरुस्ती बोइंगच्या माणसांनी केली. जोडपट्टी अखंड लावायची होती, ती दोन तुकड्यांत लावली. त्यामुळे जिथे रिव्हेटच्या दोन ओळींनी भार पेलायचा तिथे तो एकाच ओळीवर आला. वरून काही दिसत नव्हतं. त्या दुरुस्तीवर विमान सात वर्षं उडलं, बारा हजारांहून जास्त उड्डाणं. १२ ऑगस्ट १९८५ च्या संध्याकाळी भिंत फुटली, आतल्या हवेने शेपटीचा उभा पंख उडवला आणि चारही हायड्रॉलिक व्यवस्थांचं तेल वाहून गेलं. सुकाणू हलवायचं त्या तेलाच्या दाबावर. कॅप्टन मासामी ताकाहामा आणि त्यांचे सहकारी पुढची ३२ मिनिटं मेलेली दांडी धरून, फक्त इंजिनांचा जोर कमी-जास्त करत ते महाकाय विमान हवेत टिकवत होते. मागे शेपटीच नाही हे त्यांना बसल्या जागेवरून दिसतही नव्हतं. चाकं खाली सोडून त्यांनी हेलकावे कमी केले. शेवटी विमान डोंगरावर आदळलं. ५२० मेले, चौघीजणी वाचल्या.

त्या ३२ मिनिटांत कॉकपिटमधल्या कुणाचं काय चुकलं? काहीच नाही. जे चुकलं होतं ते सात वर्षं आधी, एका हँगरमध्ये, पट्टी कापणाऱ्याच्या आणि ती तपासून सही करणाऱ्याच्या हातून. इथे प्रसंगावधानाचा पोवाडा गाणं म्हणजे त्या सहीवर पांघरूण घालणं.

‘मग सू सिटीचं काय?’ असं जाणकार विचारतील. विचारायलाच हवं. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक व्यवस्था गेल्या. कॅप्टन अल हेन्स यांनी विमान दोन पंखांवरच्या इंजिनांवर आयोवा राज्यातल्या सू सिटीपर्यंत आणलं. दोन्हींचा जोर वाढवला की नाक वर येतं, कमी केला की खाली जातं. एकाचा वाढवून दुसऱ्याचा घटवला की वळण. ऐकायला सोपं आहे, पण विमान प्रत्येक वेळी उशिराने ऐकतं आणि गरजेपेक्षा जास्त ऐकतं. धावपट्टीवर आदळून ते मोडलं, पेटलं. २९६ पैकी १८४ जण वाचले.

हा जगातला सर्वांत गाजलेला प्रसंगावधानाचा दाखला. आणि नेमका तोच माझ्या बाजूने साक्ष देतो. त्या दिवशी प्रवासी म्हणून बसलेले डेनी फिच हे वैमानिकांना शिकवणारे वैमानिक होते. जपानच्या अपघाताबद्दल वाचून त्यांनी फक्त इंजिनांवर विमान चालवता येतं का याचा सराव सिम्युलेटरवर स्वतःहून करून ठेवला होता. ते पुढे आले आणि इंजिनांचे खटके त्यांनी हातात घेतले. कॅप्टनने ते घेऊ दिले, हेही तितकंच महत्त्वाचं. कॉकपिटमध्ये वरिष्ठाने कनिष्ठाचं ऐकावं आणि कनिष्ठाने वरिष्ठाला टोकावं, याचं शिक्षण त्या कंपनीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दिलं जात होतं. गावाने दोन वर्षं आधी, १९८७ मध्ये, मोठं विमान पडल्याची तालीम केली होती. विमान आलं तेव्हा रुग्णालयांत पाळी बदलत होती, म्हणून दोन पाळ्यांचे लोक हजर होते. हेन्स पुढे व्याख्यानांतून कारणं सांगत, त्यात पहिलं कारण नशीब असे, मग संवाद, तयारी, अंमलबजावणी आणि सहकार्य. स्वतःच्या शौर्याला त्यांनी यादीत जागाच दिली नाही. आपण मात्र त्यांना नायक करून बाकी यादी फाडून टाकतो.

आणि इंजिन का फुटलं? पंख्याच्या टायटॅनियमच्या तबकडीत ओतकामापासूनच एक दोष होता, त्यातून भेग वाढत गेली आणि तपासणीत ती निसटली. पुन्हा तोच माणूस, दिव्याखाली वाकून बघणारा, ज्याचा फोटो कुठे येत नाही. अपघाताची चौकशी करणाऱ्या अमेरिकी मंडळाने तर स्पष्ट लिहिलं की असं विमान सुखरूप उतरवणं शिकवण्यासारखी गोष्टच नाही. म्हणून उपाय झाले ते तबकड्यांच्या तपासणीत आणि सगळं तेल एकदम वाहून जाऊ नये म्हणून बसवलेल्या झडपेत.

पायलटचं झटपट पाऊलच सांगाडा मोडतं, अशीही उदाहरणं आहेत आणि ‘पायलटने काहीतरी केलं पाहिजे’ म्हणणाऱ्यांनी ती पाठ करावीत. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पुढे गेलेल्या विमानाच्या हवेचा भोवरा लागला म्हणून सहवैमानिकाने शेपटीचं सुकाणू एका बाजूला, लगेच दुसऱ्या बाजूला असं जोरात मारलं. उभा पंख तुटून पडला आणि २६५ माणसं मेली. तो माणूस घाबरट नव्हता. कंपनीच्या प्रशिक्षणातून त्याला सुकाणू तसं वापरायची सवय लागली होती, आणि त्या विमानाचं सुकाणू फार हलक्या दाबाला भरपूर फिरत होतं.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं, कारण सोलापूर-गोवा मार्गावर एटीआर ७२ जातीचं विमान उडतं. चांगलं, भरवशाचं, जगभर चालणारं विमान आहे ते. घाबरवायला हे सांगत नाही. २० फेब्रुवारी २०१४ रोजी ऑस्ट्रेलियात त्याच जातीचं एक विमान कॅनबेराहून सिडनीला उतरत होतं. वेग मर्यादेपलीकडे जातोय असं वाटून कॅप्टनने दांडी ओढली, तेव्हा सहवैमानिकाचा हातही दांडीवरच होता. दोघांच्या दांड्या जोडलेल्या असतात, पण एक अडकली तर दुसरी चालावी म्हणून ठरावीक जोरानंतर सुटतात. त्या सुटल्या, क्षणभर दोघांचे जोर उलट दिशेने लागले आणि शेपटीच्या आडव्या पंखाला पीळ बसला. केबिनमधल्या एका सेविकेचा पाय मोडला. विमान उतरलं, तपासणी झाली, ‘ठीक आहे’ म्हणून सही झाली. पुढच्या पाच दिवसांत ते विमान प्रवासी घेऊन १३ वेळा उडलं. मग पक्षी धडकला असावा या शंकेने एका कॅप्टनने खालून नीट पाहिलं, तेव्हा शेपटी मोडल्याचं लक्षात आलं.

त्या पाच दिवसांत विमान कोसळलं नाही, म्हणून मथळा नाही, सत्कार नाही. पण मला त्या न कोसळलेल्या विमानाची जास्त भीती वाटते.

सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. यंत्रमागावर बसलेला विणकर आवाजावरून ओळखतो की काहीतरी बिघडलंय. पण त्याला पैसे मिळतात विणलेल्या मालावर. माग थांबवला की त्याची मजुरी बुडते. म्हणून तो पुढचा चादरीचा तुकडा उरकून घेतो आणि मग बघतो. जो थांबवतो त्यालाच दंड, ही आपल्या कामाच्या जागांची रीत आहे. विमान जमिनीवर उभं ठेवलं की कंपनीचा पैसा बुडतो, वेळापत्रक कोलमडतं, खासदारांना फोन जातात. अशा वेळी ‘हे विमान आज उडणार नाही’ अशी सही करणाऱ्या तंत्रज्ञाला कोण शाल घालतं? उलट उशीर झाला म्हणून काउंटरवर आरडाओरडा करणारे आपणच असतो, आणि तोच व्हिडिओ गावभर फिरवणारेही आपणच.

इथे कुणी दिलीप परुळकरांचं नाव घेईल, आणि ते आदरानेच घ्यायला हवं. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला, उजवा खांदा जखमी झाला. नेत्याने उडी मारायला सांगितलं असतानाही त्यांनी मोडकं विमान तळावर परत आणलं आणि वायुसेना पदक मिळवलं. पण लढाऊ वैमानिकाच्या खुर्चीखाली सुटकेचा पर्याय असतो आणि त्याने तो न घेणं हा त्याचा स्वतःचा निर्णय असतो. प्रवासी विमानात तसा पर्याय कुणालाच नाही, पायलटलाही नाही. युद्धातल्या शौर्याची फूटपट्टी उडान योजनेच्या विमानाला लावणं चूक आहे. मी तिकीट काढतो तेव्हा वीर शोधत नसतो. ज्याला आयुष्यभर वीर व्हायची वेळ येणार नाही असा पायलट मला हवा असतो.

वीर करण्याचा दुसरा तोटा, तो उतरवायलाही आपल्याला वेळ लागत नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला विमान धावपट्टीबाहेर जाऊन कोसळलं, २१ जण गेले. कॅप्टन दीपक साठे मराठी, हवाई दलातले नावाजलेले वैमानिक. दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर त्यांनी इंजिन बंद करून प्रवासी कसे वाचवले याच्या कथा फिरल्या, कुठल्याही चौकशीआधी. वर्षभराने अहवालात चुकीच्या पद्धतीने उतरल्याचा ठपका आला, तेव्हा तेच लोक गप्प झाले किंवा उलटले. पण अहवालात आणखी काही होतं. भर पावसात कॅप्टनच्या बाजूच्या काचेचा वायपर नीट चालत नव्हता. कोझिकोडला कंपनीचे पुरेसे कॅप्टनच नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांच्याच माथी होतं. मनुष्यबळाचं हे धोरण सदोष असल्याचं अहवाल म्हणतो. ते पान ना पोवाडा गाणाऱ्यांनी वाचलं, ना शिव्या देणाऱ्यांनी.

मग मागायचं काय? पहिली गोष्ट, तपासणारी माणसं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात निम्म्याहून जास्त मंजूर पदं रिकामी असल्याचं संसदेच्या स्थायी समितीने २०२५ मध्येच नोंदवलंय. चिमणीसाठी मोर्चे निघाले, या रिकाम्या खुर्च्यांसाठी एक निवेदनही नाही. दुसरी गोष्ट, चौकशी करणारी संस्था आणि नियम करणारी संस्था एकाच मंत्रालयाखाली आहेत. स्वतःच्या घरातल्या चुलत्याची चौकशी पुतण्याने करावी असा हा प्रकार, तो बदलायला हवा. तिसरी, दोष दाखवणाऱ्या आणि विमान थांबवणाऱ्या तंत्रज्ञाची नोकरी कायद्याने सुरक्षित हवी. चौथी, अपघातांचे आणि थोडक्यात टळलेल्या घटनांचे अहवाल वेळेत आणि मराठीतही यावेत, म्हणजे व्हॉट्सअॅपवरच्या कथांना काही स्पर्धा होईल. आणि पाचवी आपल्या गावाची: होटगी रोडवर विमान पडलं तर अग्निशमन, सिव्हिल हॉस्पिटल, खाजगी रुग्णालयं आणि पोलीस यांनी काय करायचं, याची तालीम कधी झाली, त्यात काय कमी पडलं, हे महापालिकेने आणि विमानतळाने जाहीर करावं. सू सिटी सोलापूरपेक्षा कितीतरी लहान गाव होतं.

‘सोलापूरला आत्ता कुठे विमान मिळालंय, लगेच नाट कशाला लावता?’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. विमान बंद पडावं असं माझ्या मनातही नाही, ते रोज भरून जावं. पण जे शहर एका चिमणीच्या उंचीवर इतकी वर्षं वाद घालू शकतं, ते एका रिव्हेटच्या ओळीवर पाच मिनिटं बोलू शकत नसेल, तर आपल्याला सुरक्षितता नको होती, फक्त विमानतळ हवा होता.

पुढच्या वेळी विमान दोन तास उशिरा सुटणार असल्याची घोषणा होईल, कारण सांगतील ‘तांत्रिक बिघाड’. तेव्हा काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका. कुणीतरी कुठेतरी बिघाड पाहिला, लपवला नाही आणि विमान थांबवलं, असा त्याचा अर्थ असू शकतो. त्या माणसाचं नाव विचारा. शाल त्याच्यासाठी राखून ठेवा.